'गेट डाऊन' की 'गेट ऑफ'? फ्रेझल व्हर्बचं कोडं मराठी माणसाला निम्मं आधीच सुटलेलं आहे

गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याची गाडी संगमेश्वर रोड स्टेशनात शिरते. बॅगा खाली येतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो : 'गॉट डाऊन ॲट संगमेश्वर'. ग्रुपमधल्या कुणालाच त्यात काही खटकत नाही. हाच मेसेज लंडनमधल्या एखाद्या सहकाऱ्याला गेला, तर तो मात्र क्षणभर थबकेल. अर्थ त्यालाही लागेल, पण त्याच्या इंग्रजीत माणूस ट्रेनमधून 'गेट डाऊन' होत नाही, 'गेट ऑफ' होतो.

फरक एका छोट्या शब्दाचा आहे, आणि तो का पडतो हे बघण्यासारखं आहे. मराठीत आपण झाडावरून उतरतो, जिना उतरतो, आंबा घाट उतरतो आणि एसटीतूनही उतरतो. क्रियापद एकच, आणि त्यात वरून खाली येण्याचं चित्र पक्कं बसलेलं. म्हणून इंग्रजी बोलताना 'डाऊन' आपसूक तोंडात येतो. इंग्रजी माणसाला त्याच प्रसंगात दुसरंच काहीतरी दिसतं : प्रवासी गाडीला लागलेला होता, आता तो गाडीपासून सुटला. सुटण्यासाठी त्याच्याकडे 'ऑफ' आहे. रिक्षा किंवा कारमधून उतरताना तो 'गेट आउट ऑफ' म्हणतो, कारण तिथे माणूस एका छोट्याशा डब्यात कोंबून बसलेला असतो आणि त्यातून बाहेर येतो. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं ते 'ऑन' आणि 'ऑफ' : बस, ट्रेन, बोट, विमान. ज्यात वाकून शिरावं लागतं ते 'इन' आणि 'आउट'. बाईक आणि घोडा यांच्यावर टांग टाकून बसतात, त्यामुळे तिथे पुन्हा 'ऑन'.

मग 'गेट डाऊन' चूक का? भारतात ते इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणं जरा जास्तच होईल. कंडक्टरपासून प्राध्यापकापर्यंत सगळे तसंच बोलतात आणि काम होतं. परदेशी ग्राहकाशी, मुलाखतीत किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेत बोलताना मात्र 'ऑफ' माहीत असलेला बरा.

हे प्रकरण आहे काय?

'गेट', 'टेक', 'पुट', 'लुक', 'टर्न' अशी साधी क्रियापदं आणि 'अप', 'डाऊन', 'इन', 'आउट', 'ऑन', 'ऑफ', 'ओव्हर', 'अवे' असे छोटे शब्द. दोन्ही जोडले की बऱ्याचदा तिसराच अर्थ निघतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव तसं अलीकडचं. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. डोकेदुखी मात्र जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने नोंदवून ठेवलं होतं की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त अडचण या जोड्यांची होते.

आपल्याकडे या अडचणीवर एकच औषध चालत आलंय : यादी पाठ करा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेली पिढी असो, नाहीतर २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं त्यानंतरची, वहीत डावीकडे 'लुक आफ्टर' आणि उजवीकडे 'काळजी घेणे' हे ठरलेलंच. यादी परीक्षेपुरती टिकते. पुढे कामावर साहेबाने फोनवर 'विल यू लुक इन्टू इट?' विचारलं की यादीतला 'लुक आफ्टर' पुढे येतो आणि माणूस ज्याची चौकशी करायची त्याची काळजी घ्यायला लागतो.

यादीला पर्याय आहे, आणि तो मराठीतच आहे.

मराठीत हे आपण रोज करतो

हे बघा : सभा 'पुढे ढकलली'. उमेदवाराने अर्ज 'मागे घेतला'. कार्यक्रम 'पार पाडला'. पोरगा अभ्यासात 'मागे पडला'. लाल साडी गर्दीत 'उठून दिसली'. चोराला पोलिसांनी 'आत टाकला'. यातली क्रियापदं घेणे, पाडणे, पडणे, दिसणे, टाकणे अशी अगदी पहिलीच्या पुस्तकातली. पण 'पार' आणि 'पाडणे' यांचे वेगवेगळे अर्थ जोडून कार्यक्रम नीट झाल्याचं कुणाला कळणार नाही. मराठी मुलाला ते कुणी यादी देऊन शिकवलेलं नसतं.

आता यांच्या इंग्रजी जोड्या बघा. पुढे ढकलणे म्हणजे 'पुट ऑफ'. मागे घेणे, 'टेक बॅक'. पार पाडणे, 'कॅरी आउट'. मागे पडणे, 'फॉल बिहाइंड'. उठून दिसणे, 'स्टँड आउट'. आणि आत टाकणे म्हणजे 'पुट अवे', म्हणजे इंग्रजीतही गुन्हेगाराला शिक्षा देतात असं न म्हणता नजरेआड ठेवून देतात असंच म्हणतात.

सगळ्यात मजा 'पिक अप'ची आहे. जमिनीवरची वस्तू उचलणे हा सरळ अर्थ. पण फोनही 'पिक अप' करतात आणि आपणही फोन उचलतो. नवीन भाषा कानावर पडून येते ती 'पिक अप' केलेली असते आणि आपणही म्हणतो, मुंबईहून आलेल्या पोराने गावची बोली पटकन उचलली. पोलिस संशयिताला 'पिक अप' करतात, आपल्याकडे 'उचलतात'. दोन भाषांनी एकमेकींना विचारून हे केलेलं नाही. हाताने करायच्या कामांची नावं दोघींनीही डोक्याने करायच्या कामांना लावली, एवढंच.

मराठीचा दुसरा हातखंडा त्याहून कामाचा आहे. इंग्रजी जे काम 'अप', 'आउट', 'डाऊन' यांच्याकडून करून घेते, ते मराठी अनेकदा दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. खा आणि खाऊन टाक यात जो फरक, तोच 'इट' आणि 'इट अप' यात आहे. ताटात काही उरवायचं नाही, हे 'टाक' सांगतो आणि तिकडे 'अप' सांगतो. लिहून ठेव म्हणजे 'राइट डाऊन'. देऊन टाक म्हणजे 'गिव्ह अवे'. सोडून दे म्हणजे प्रसंगानुसार 'गिव्ह अप' किंवा 'लेट गो'. शाळेत संयुक्त क्रियापद शिकवताना मुख्य अर्थ धातुसाधिताचा असतो आणि सहायक क्रियापद त्याला मदत करतं असं सांगतात. इंग्रजीतला छोटा शब्द असाच मदतनीस आहे.

'शोधणे' आणि 'शोधून काढणे' ही जोडी तर वर्गात फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. किल्ली शोधतोय, अजून मिळालेली नाही : 'लुक फॉर'. खोटी बातमी कुणी पसरवली ते शोधून काढलं, म्हणजे उत्तर हाती लागलं : 'फाइंड आउट'. 'काढणे'मध्ये आतलं बाहेर येणं आहे आणि 'आउट'मध्येही तेच. 'वर्क आउट' म्हणजे हिशोब काढणे, पुन्हा काढणेच.

काही बाबतीत मराठीच पुढे आहे. 'पैसे देऊन टाकले' आणि 'पैसे देऊन बसला' यातला दुसरा माणूस आता कपाळाला हात लावून आहे, हे एका 'बसला'मधून कळतं. त्यासाठी इंग्रजीत छोटा शब्द नाही, सरळ वाक्य करून सांगावं लागतं.

संस्कृतमधून आलेले उपसर्गही याच कुळातले. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार : धातू एकच, पुढचा तुकडा बदलला की जेवणापासून कत्तलीपर्यंत कुठेही जाता येतं. लौकिक संस्कृतात हा तुकडा धातूला घट्ट चिकटतो, पण वेदांच्या भाषेत तो क्रियापदापासून दूर, मध्ये इतर शब्द घेऊनही उभा राहू शकत असे. म्हणजे जवळजवळ इंग्रजीसारखाच. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांनाही हे ओळखीचं वाटेल. तिथे 'उठणे' या क्रियापदाचा पहिला तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो.

नजर छोट्या शब्दावर

यादी करणारे लोक ती क्रियापदावरून करतात : 'गेट'च्या पंधरा, 'पुट'च्या बारा. ती लक्षात राहत नाही, कारण 'गेट' आणि 'पुट' यांना स्वतःचा असा फार अर्थच नाही. अर्थाचं ओझं छोट्या शब्दावर असतं, म्हणून जोड्या त्याच्याभोवती लावून बघाव्यात.

'ऑफ' घ्या. त्याचा गाभा सुटणं, तुटणं, अलग होणं. विमान धावपट्टीपासून सुटतं, 'टेक ऑफ'. अंगावरचा रेनकोट निघतो, तेही 'टेक ऑफ'. दिव्याचा विजेशी संबंध तुटतो, 'स्विच ऑफ'. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की साखरपा बाजूच्या लोकांचा कोल्हापूरकडचा रस्ता तुटतो, 'कट ऑफ'. पहाटे गावाहून निघणं म्हणजे 'सेट ऑफ', घरापासून सुटणं. अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला मालकाने हाक मारून मागे बोलावलं, तर त्याने कुत्र्याला 'कॉल ऑफ' केलं. सामना 'कॉल ऑफ' झाला म्हणजे तसाच मागे बोलावला, रद्द केला. इथे 'पुट ऑफ'शी गल्लत महागात पडते. सामना 'पुट ऑफ' झाला असेल तर तिकीट जपून ठेवायचं, 'कॉल ऑफ' झाला असेल तर पैसे परत मागायचे.

'अप'चा पहिला अर्थ वर, पण त्याचं मोठं काम शेवटपर्यंत नेण्याचं. भांडं भरत वर आलं की ते पूर्ण भरलेलं असतं, तिथून हा अर्थ समजून घेता येतो. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणे. कोकणात एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी आटतात, ते 'ड्राय अप'. नुसतं 'ड्राय' म्हटलं तर दोरीवरचे कपडेही वाळतात.

'डाऊन' खाली नेतो आणि बहुधा थांबवतो. गाडी हायवेवर बंद पडली, 'ब्रेक डाऊन'. दुकान कायमचं बंद झालं, 'क्लोज डाऊन'. वेग उतरला, 'स्लो डाऊन'. राग उतरला, 'काम डाऊन'. मराठीतही वेग आणि राग उतरतातच की. 'ऑन' चालू ठेवतो : 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. 'अवे' दूर नेतो. शास्त्री आणि सोनवी नद्यांना पूर आला की काठावरचं सामान वाहून जातं, 'वॉश अवे', आणि माणूस जातो तेव्हा 'पास अवे'. मराठीतही वारल्याची बातमी देताना 'गेले' एवढंच म्हणतात.

सगळ्याच जोड्या अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे हे कितीही डोकं चालवून कळत नाही, ते पाठच करावं लागतं. 'ब्रिंग अप'ही तापदायक : मूल वाढवणे, विषय काढणे आणि ओकणे, तिन्हीला तोच शब्द. पण पाठ करायचं ओझं निम्म्यावर आलं तरी खूप झालं.

साधं इंग्रजी आणि भारदस्त इंग्रजी

इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी ताबा मिळवला आणि पुढच्या काही शतकांत दरबार, कायदा, विद्या यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन राहिली. त्यामुळे एकाच कामाला दोन दोन शब्द झाले. एक घरचा, जोडीचा. दुसरा वरून आलेला, एकटाच पण वजनदार. 'पुट आउट' आणि 'एक्स्टिंग्विश', 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन', 'गिव्ह अप' आणि 'सरेंडर', 'गो इन' आणि 'एंटर'. मराठीत 'पुढे ढकलणे' आणि 'स्थगित करणे' यांचं जे नातं आहे, साधारण तेच.

आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, म्हणून आपल्याला वजनदार शब्द आधी येतात. आग लागली असताना 'एक्स्टिंग्विश' म्हणणारा माणूस व्याकरणाने बरोबर असतो, फक्त 'अग्निशमन करा' असं ओरडल्यासारखा वाटतो. उलटही खरं. १६८९ साली संगमेश्वर इथे मुकर्रबखानाने छत्रपती संभाजी महाराजांना कैद केलं. हा प्रसंग इंग्रजीत लिहिताना 'कॅप्चर' येतो. 'पिक अप' तिथे लिहिणं जितकं अशोभनीय, तितकंच मराठीत 'उचललं' लिहिणं. गप्पा, फोन, चॅट यात जोडीचे शब्द, आणि अर्ज, निबंध, कोर्टाचे कागद यात वजनदार, एवढं भान बहुतेक वेळा पुरतं.

आपण घेतलं ते आपल्या पद्धतीने

मराठीने या जोड्या उचलताना एक गमतीची गोष्ट केली. इंग्रजी 'स्विच ऑफ'मधला 'स्विच' आपण सरळ टाकून दिला आणि 'ऑफ' ठेवून त्याला आपलं 'करणे' लावलं : पंखा ऑफ कर, टीव्ही ऑन कर. शर्ट पँटीत खोचायचा तर 'इन कर'. फलंदाज 'आउट' होतो, पेपरही 'आउट' होतो, सर्व्हर 'डाऊन' असतो. अर्थ कुणाजवळ आहे हे बोलणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. याशिवाय चेकअप, बॅकअप, ब्रेकअप, फॉलोअप, लॉकडाऊन हे अख्खे आले, पण नाम होऊन आले. पिकअप म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या पेट्या वाहणारी गाडी, शिवाय घाटात चढताना इंजिनाला हवी असलेली ताकद.

नाम आणि क्रियापद यांचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं असतं, हे त्यामुळे निसटतं. 'लॉगिन', 'सेटअप', 'बॅकअप' ही नामं जोडून लिहितात. 'कृपया लॉग इन करा' अशा अर्थाची सूचना द्यायची असेल तर दोन शब्द सुटे. बोलतानाही नामात जोर पहिल्या भागावर असतो, क्रियापदात दुसऱ्यावर.

काही ठिकाणी मराठी कान इंग्रजीत जास्तीचा शब्द घालतो. 'डिस्कस अबाउट' हे 'बद्दल चर्चा'चं भूत आहे. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक' यात 'परत' दोनदा येतं. 'कोप अप विथ' बहुधा 'कीप अप विथ', 'पुट अप विथ' यांच्या संगतीने बिघडलं असावं. बरोबर रूप नुसतं 'कोप विथ'. 'फॉर्म फिल अप करणे' इथे रूढ आहे, कारण मराठीत फॉर्मही भरतात आणि पेट्रोलची टाकीही भरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन लोक टाकी 'फिल अप' करतात, फॉर्म 'फिल इन' किंवा 'फिल आउट'.

सगळ्यात सांभाळायचा तो 'पास आउट'. 'आय पास्ड आउट इन २०१९' असं बायोडेटात लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते, त्या लष्करी अर्थाने ते ब्रिटिश इंग्रजीतही चालतं. इतर परदेशी वाचकाला मात्र उमेदवार २०१९ साली बेशुद्ध पडला असं वाटतं. 'ग्रॅज्युएटेड' लिहिलं की प्रश्न मिटतो.

'मी' मध्ये येतो तेव्हा

शब्दांच्या जागेचा एक नियम टाळता येत नाही. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर. पण पंख्याऐवजी 'इट' आला की तो मध्येच बसतो : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कुणी म्हणत नाही. स्टेशनवर घ्यायला बोलावताना म्हणूनच 'पिक मी अप', 'पिक अप मी' नव्हे. 'इट', 'मी', 'हिम', 'देम' या हलक्या शब्दांना ही मधली जागा राखून ठेवलेली आहे.

'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'लुक इन्टू' या जोड्या मात्र फुटत नाहीत. तिथे 'लुक आफ्टर हिम' असंच. तिथला छोटा शब्द पुढच्या नामाला चिकटलेला असतो, आपल्या 'साठी', 'कडे' यांच्यासारखा, फक्त आपला शब्द नामाच्या मागे लागतो आणि त्यांचा पुढे. ओळखायची एक खूण ऐकण्यात आहे. 'टर्न इट ऑफ' म्हणताना आवाज 'ऑफ'वर चढतो, 'लुक ॲट इट' म्हणताना 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. इंग्रजी सिनेमा किंवा बातम्या ऐकताना इकडे कान दिला तर फुटणाऱ्या आणि न फुटणाऱ्या जोड्या हळूहळू वेगळ्या ऐकू यायला लागतात.

तीन शब्दांच्या जोड्यांतली नोकरीच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त लागणारी एक म्हणजे 'लुक फॉरवर्ड टू', वाट बघणे. तिच्यापुढे 'मीट यू' लिहिण्याची चूक फार होते, कारण 'टू' दिसला की पुढे मूळ क्रियापद असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं. हा 'टू' तो नव्हे. 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' असं नुसतं नाम इथे चालतं, म्हणून क्रियापद आणायचं तर तेही नामासारखं करून आणावं लागतं : 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'.